मशीन बोलत होती

बाबा,

गेल्या आठवड्यात तो तैवानचा सिनेमा मी पुन्हा पाहिला. दुपारी, एकटीने, नातीच्या लॅपटॉपवर. निवृत्त झाल्यापासून फारसं काही पाहत नाही, डोळे दमतात. त्या बेटावरच्या दिग्दर्शकांविषयी मी वर्गात बरंच बोलले. माणसं निघून जातात, त्यांचा कॅमेरा जागचा हलत नाही, मागे जे राहतं त्याच्याकडे पाहत बसतो. हे वाक्य इतक्यांदा म्हटलं की आता माझं मलाच ऐकवत नाही.

मोताळ्याच्या टिनाच्या टॉकीजमध्ये तुम्ही ऑपरेटर होता. महाराष्ट्र नवा होता, मी शाळेत होते. दुपारच्या खेळाला तुमचा डबा घेऊन यायचे. तुम्ही पडद्याकडे पाठ करून जेवायला बसायचात. एकदा मी विचारलं, "फिल्म अडकली तं कसं कळन तुमाले?" भाकर मोडत तुम्ही म्हणालात, "डोयानं नाही पाहा लागत, बाई. कानानं. मशीन बोलून राह्यली तवर दिव्याले हात नाही लावाचा. चुप झाली का लगेच बंद करा लागते, नाहीतं फिल्म करपते." तुमच्या कामातलं तुम्ही मला एवढंच शिकवलंत.

पुढे मी बुलढाण्याला कॉलेजात शिकवू लागले, तिथल्या फिल्म सोसायटीचं काम माझ्याकडे आलं. हा तैवानचा सिनेमा लावायचा होता त्याच रविवारी अकोल्याचा ऑपरेटर येणार नाही असं कळलं. मी तुम्हाला निरोप धाडला. तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या एसटीने आलात. सभागृहाच्या खिडक्यांना आम्ही सतरंज्या टांगल्या होत्या. तुम्ही मशीनपाशी, मी तुमच्यापुढच्याच खुर्चीवर. सिनेमातला मुलगा शहरात नोकरीला निघतो. आई त्याच्यामागे दाराबाहेर जाते. मग नुसतं स्वयंपाकघर. टेबल, खिडकी, भिंत. काहीच हलत नाही. कोणीतरी ओरडतं, "घरचे समदे गेले बे, चाला आपुनबी जाऊ!" पोरं हसतात. चित्र तसंच. आणि दिवा जातो.

प्राचार्य मागे वळून म्हणाले, "काय हो, चांगलं चाललं होतं की." मी उठून उभी राहिले. घरी आपण बोलायचो तशी नाही, कॉलेजात बोलायचे तशी बोलले. "बाबा, हे तुमचं टॉकीज नाही. फिल्म अडकली नव्हती. एवढंही कळू नये तुम्हाला?" सगळे तुमच्याकडे पाहत होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "चुकलं माह्यं," म्हणालात आणि दिवा लावलात.

तुम्हाला स्टँडवर सोडायला आले तेव्हा मला वाटत होतं, आता तुम्ही काही म्हणाल. तुम्ही सिनेमाचंच बोललात. "त्या मायनं पोराची वाटी उपडी ठेवली होती टेबलावर. तो येईन तवाच सुलटी करन ते." मला वाटी दिसली नव्हती. त्यानंतर मी तुम्हाला सोसायटीच्या खेळाला बोलावलं नाही. अकोल्याचा माणूस नियमित येतो, असं सांगत राहिले. तुम्ही बरं म्हणत राहिलात, आणि एका उन्हाळ्यात गेलात.

या वेळी वाटी दिसली. टेबलाच्या कडेला, उपडी. मी सिनेमा तिथेच थांबवला. त्या सकाळी मशीनचा आवाज एकदाही तुटला नव्हता. तुम्ही तो ऐकत होता, वाटीही पाहत होता. मला फक्त पोरांचं हसणं ऐकू येत होतं. फिल्म अडकली, आता सोसायटीची शोभा होणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

हे मी कोणाला सांगितलं नाही. तुम्हीही नाही. पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून आता लिहिते. दिवा बंद करा, अशी खूण मीच केली होती, बाबा. मागे न वळता, हात वर करून. त्या अंधारात तो फक्त तुम्हाला दिसला होता.