आरोहीचा पालक कोण

उरण
१२ जानेवारी २०२५

आदरणीय रतनताईंना,
मृणालचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? म्हसळ्याला थंडी असेल, इकडे नावालाच आहे. आरोही आता भाकरी थापायला शिकतेय. पीठ जास्त आणि भाकरी थोडी, असं चाललंय.

फोनच केला असता, पण तुम्ही हल्ली उचलत नाही. म्हणून लिहायला बसले.

खाडीकडच्या जमिनीचं तुमच्या कानावर आलंच असेल. ऋत्विक गेल्यावर त्यांचा हिस्सा माझ्या आणि आरोहीच्या नावावर झाला. तिथे कंटेनरचं यार्ड करायला गिऱ्हाईक आलं. हर्षदभाऊजी कागद घेऊन आले, म्हणाले, "वहिनी, सही करा." मी म्हटलं, वकीलबाई सांगतात, अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या मुलीचा हिस्सा कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि मला विकायचाही नाही. ते नुसते हसले. मग अलिबागच्या कोर्टाची नोटीस आली. नवरा गेल्यापासून आईचं डोकं ठिकाणावर नाही, ती पोरीला उपाशी कोंडून ठेवते, तेव्हा मुलीचा पालक म्हणून काकाला नेमावं, असा त्यांचा अर्ज.

हेही मी सोसलं असतं. पण गेल्या आठवड्यात शाळा सुटायच्या वेळी गेले तर आरोही नव्हती. बाई म्हणाल्या, "काका घेऊन गेले की." मी जेट्टीपर्यंत धावले, बाजार पालथा घातला, दिसेल त्याला विचारलं. दिवेलागणीला भाऊजींनी तिला दारात आणून सोडली. हातात नवी बाहुली. मला म्हणाले, "बघितलंत ना? मला कोण अडवत न्हाय."

त्या दिवसापासून पोर माझा पदर सोडत नाही. काल केस विंचरताना हळूच म्हणाली, "आई, जजसाहेबांना तू हवीस असं सांगितलं तर तुला वेड्यांच्या इस्पितळात टाकतील. काका म्हणाले." मी कंगवा खाली ठेवून तिला मांडीवर ओढून घेतलं.

ताई, इतकं लिहिलं, पण ज्यासाठी लिहायला घेतलं ते अजून लिहवत नाही. भाऊजींच्या बाजूने साक्षीदार म्हणून तुमचं नाव आहे. वकीलबाईंनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, दुसरी कोणी रतन असेल.

तुम्ही त्यांची सख्खी बहीण, मी परक्या घरची. पण ऋत्विकही तुमचाच भाऊ होता. माझ्या बाजूने बोलू नका. जे डोळ्यांनी पाहिलंत तेवढंच बोला.

तुमची भावजय,
मृणाल

*

उरण
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय रतनताई,

कोर्टातून निघताना तुमच्याशी धड बोलताही आलं नाही. तुम्ही पिंजऱ्यात उभ्या राहिलात तेव्हा मी खाली मान घालून बसले होते. मग तुमचा आवाज आला, "साहेब, वारसाची नोंद करायचीय म्हणून भावानं त्या कागदावर सही घेतली. वर काय लिवलंय ते मला ठावं न्हाय. ही बाय पोरीला आधी जेवू घालते, मग सोता जेवते. मी बघितलंय." भाऊजींनी तुमच्याकडे कसं पाहिलं, ते मला अजून दिसतं.

साहेबांनी आरोहीला आपल्या खोलीत एकटीलाच बोलावलं होतं. आत काय बोलली ते तिने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बाहेर आली आणि मला घट्ट धरून म्हणाली, "तुला नेणार नाहीत ना?"

परवा निकाल लागला. भाऊजींचा अर्ज फेटाळला. पोर माझ्याकडेच राहील, आणि तिचा हिस्सा कोर्टाला विचारल्याशिवाय कोणाला विकता येणार नाही. वकीलबाईंनी पेढा दिला. मी तो आरोहीच्या हातावर ठेवला.

पण तुमच्या साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या फाटकापाशी भाऊजी तुमच्या कानाशी काहीतरी बोलले आणि तुमचा चेहरा उतरला. निकालानंतर तर त्यांनी गावभर सांगितलंय, "मला बहीण न्हाय." काल ते गाडी घेऊन म्हसळ्याच्या बाजूला गेले, असं शेजारचा नामा सांगत होता. कामाला गेले असतील. तसंच असू दे. सकाळपासून तुमचा फोन लागत नाही.

ताई, पत्र मिळताच शेजाऱ्यांच्या फोनवरून का होईना, एकदा आवाज ऐकवा. जमलं तर सरळ निघून इकडेच या. भीतीने मी दिवसाही कडी लावून बसते. पण तुम्ही नुसती हाक मारा, मी उघडते.

तुमच्या माहेरात तुमची म्हणून उरलेली,
मृणाल