सूर्य मावळायच्या आत

प्रिय शौनक,

तुझा फोन बंद असतो, म्हणून साताऱ्याच्या घरी पत्र धाडतेय. बंद ठेवलास ते बरंच केलंस. माझ्या भावाला जाऊन दोन महिने झाले, तरी त्याचे चाहते तुझ्या नावानं शिमगा करताहेत. बँडमधून भांडून गेलास, तूच खुन्याला त्याची घरी यायची वेळ कळवलीस, असं जो तो छातीठोकपणे सांगतो. आमच्या घरातही हेच बोललं जातं.

इथं चौकाचौकात अरिहंतचे श्रद्धांजलीचे फलक लागलेत. कुपवाडला पप्पांच्या लेथच्या शेडमध्ये तुम्ही दोघं वाजवायचात, तेव्हा ज्यांनी पोलीस बोलावले होते, त्यांचाच फलक सगळ्यांत मोठा. अरिहंत मध्ये एवढासा आणि भोवती यांचे हात जोडलेले फोटो. पंधरा वर्षं हा मुलगा घसा फोडून मराठीत रॉक गात होता. बाहेर हजारो लोक त्याच्यासाठी नाचत होते, तेव्हा इथं म्हणायचे, सांगा जरा पोराला काहीतरी काम बघायला. मला या लोकांची किळस येते. स्वतःची त्याहून जास्त येते.

त्याचं जेवणाचं वेड तुला आठवत असेल. केस खांद्यापर्यंत, दंडभर गोंदलेलं, तोंडात शिवी, पण जेवण सूर्य मावळायच्या आत. आपल्या धर्मातलं बाकी सगळं त्यानं सोडलं, एवढं मात्र सोडलं नाही. तू त्याला मुनिमहाराज म्हणून चिडवायचास. सांगलीत कार्यक्रम असला की साडेपाचला सगळा लवाजमा हॉलवर सोडून मागच्या बोळानं एकटाच घरी यायचा. हे फक्त घरच्यांना आणि बँडला ठाऊक होतं. म्हणूनच संशय तुझ्यावर आला.

सूरज त्याचा चाहता म्हणून वर्षभर आमच्याकडे येत होता. आईच्या पाया पडायचा, घरचा गूळ आणायचा. अरिहंत जाहिरातींसाठी गायला लागला हे त्याला सहन झालं नाही, असं म्हणतात. तो स्वतः पोलिसांपुढे तोंड उघडत नाही. त्या संध्याकाळी आईनं ताट वाढलं होतं आणि तो बोळात कोयता घेऊन उभा होता. दारापासून वीस पावलांवर, शौनक.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. आठवडाभर आधी सूरज मला म्हणाला होता, "ताई, दादा लय मोठा झालाय, आता आमाला कवा भेटायचा?" मला त्याची दया आली. खरं सांगायचं तर मिरवायचंही होतं, एवढा मोठा झाला तरी माझा भाऊ नियम पाळतो म्हणून. वेळ मी सांगितली. बोळ मी सांगितला. एकटाच असतो, निवांत बोलता येईल, हेही मीच म्हणाले. नंतर सगळे तुझ्यावर तुटून पडले आणि मला सुटल्यासारखं वाटलं. आई तुझ्या नावानं बोटं मोडते, तेव्हा मी शेजारी बसून भाजी निवडत असते. उद्या सकाळी पोलिसांत जबाब द्यायला जाणार आहे. ऐनवेळी माझं पाऊल मागं पडलं, तर हे पत्र तू त्यांना दाखव. माझी भीड धरू नकोस. आईला अजून सांगितलेलं नाही.

तुझीच,
कस्तुरीताई