गुळी-मिरीचा घास

३ ऑक्टोबर २००४
आज चार नाकतोडे. बस्स. गुळीला दोन, मिरीला दोन — आणि दोघी पेटीच्या काचेला नाक लावून माझ्याकडे बघत बसल्या. राकेशदादाने परदेशी जाताना या ठिपक्यांच्या दोन पाली माझ्या गळ्यात मारल्या. "काही त्रास नाही गं यांचा." त्रास नाही कसा? मेलेला किडा खात नाहीत. समोर वळवळला पाहिजे, मग राणीसाहेब तोंड उघडणार.

५ ऑक्टोबर
गुरांच्या घासाच्या वावरात नाकतोडे दिसेनात, म्हणून टोमॅटोच्या बांधावरचे धरले. अक्कल गहाण ठेवली होती. संध्याकाळी मिरी मान टाकून पडली. आबा म्हणाले, "कालच फवारलाय की तो प्लॉट." अख्ख्या बोरी गावात फवारा न लागलेला किडा आणू कुठून? उपाशी मरतील दोघी माझ्या हातून. खूप रडले.

६ ऑक्टोबर
मिरीने पाणी चाटलं!

९ ऑक्टोबर
माठात रातकिडे पाळले होते. जानकाआत्याने घासायला घेताना माठ पालथा केला. आता घरभर किरकिर, हाताला एकही लागत नाही. आत्या म्हणते, "उद्या पेठचं पावणं तुला बघायला येणार, अन् घरात ही सनई."

१० ऑक्टोबर
पाहुणे आले. मुलाचं नाव रुपेश, कोंबड्यांच्या खाद्याच्या गोदामात कामाला. बाकीच्यांनी सैपाक विचारला, शिवण विचारलं — मी नुसतं हो, येतं. त्याने पेटीकडे बघून एकच विचारलं, "ह्या काय खात्यात?" मग मी जी सुटले! नाकतोड्यांपासून फवारणीपर्यंत. आबा खोकले, आत्याने डोळे वटारले. तो हसला नाही. "हालती अळी चालंल का?" एवढंच म्हणाला.

ते गेल्यावर आत्या म्हणाली, "पोरगा चांगला हाय." तेवढ्यात भिंतीवरची, आमची घरचीच पाल चुकचुकली. आत्याने लगेच जमिनीवर बोट आपटलं, "खरं हाय बघ." आबा भडकले. "आपल्या बापानं छप्पन साली दीक्षा घेऊन हे समदं सोडलं, अन् तू अजून पालीचं ऐकती?"

१३ ऑक्टोबर
आबांनी स्टँडवरून मिठाईचा पुडा आणला, पेठहून एसटीने आलेला. आत्याला वाटलं पेढे. उघडला आणि ओरडली ती शेजारच्या वस्तीपर्यंत ऐकू गेली. कोंड्यात वळवळणाऱ्या पिवळ्या अळ्या! कंडक्टरजवळ रुपेशचा निरोप होता — "जुन्या पोत्यांत लई व्हत्यात. औषध न मारलेल्या. दर बुधवारी धाडीन. होकार असू नायतर नसू."

गुळीने सहा मटकावल्या. मिरीनेही खाल्ल्या.

होकार असू नायतर नसू. दिवसभर तेच डोक्यात. आवडलाय मला तो. लिहून टाकते, इथे कोण बघतंय.

१४ ऑक्टोबर
आबांनी विचारलं, "काय कळवू?" म्हटलं, "बुधवारचा पुडा नको म्हणावं. आम्ही तिघी तिकडंच येतो."

भिंतीवरची चुकचुकली. आत्याने हात उचलायच्या आत आबांनीच जमिनीवर बोट आपटलं. "खरं हाय," म्हणाले.