कलिंगडं पोचली, गाद्या वाळत आहेत

तीर्थस्वरूप दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून सध्या अर्धाच वाकून. उरलेला अर्धा समक्ष भेटीत.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचा खोकला गेला का? तिला म्हणावं, पंखा पायाकडे लाव, डोक्याशी नको. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. ह्यांना निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण पाणीपुरवठा खातं काही अंगातून गेलेलं नाही. सकाळी नळाला पाणी आलं की आधी घड्याळ बघतात, आणि चार मिनिटं उशीर झालेला असला तर दिवसभर सुतकात असल्यासारखे वावरतात. बाकी सगळं ठीक.

तर तुझी कलिंगडं पोचली. ही पाचवी खेप. टेम्पोवाला आता बेलही वाजवत नाही, खालूनच "मामांची आली" म्हणून हाळी देतो आणि सहा कलिंगडं जिन्यात मांडून जातो. नोकरी संपल्यावर शेत घेणार म्हणालास तेव्हा आम्ही सगळे तुला हसलो होतो, ते शब्द मी आज मुकाट्याने गिळते. काय गोडी आहे रे! सुरी टेकवावी तर आपणहून उकलतं. आता आठवड्याला सहा कलिंगडं दोन म्हाताऱ्या माणसांनी कशी संपवायची? म्हणून मी ती पाळणाघरातल्या मुलांना सुरू केली. पूर्वी जेवणानंतर त्यांना दोन-दोन कोरडी बिस्किटं द्यायचे, ती बंद. आता प्रत्येकी तीन मोठ्या फोडी (मागितली तर चौथी) आणि मग झोप. मुलांच्या आया खूष आहेत. फळ म्हटलं की आया खूष होतातच.

तू आमचं पाळणाघर दुपारचं कधी पाहिलेलं नाहीस. सात मुलं आहेत, तीन ते साडेपाच वर्षांची. एक वाजला की मी हिरवे पडदे ओढते, आणि बाहेरचं ऊन त्यातून असं काही गाळून येतं की सगळी खोली पाण्याखाली गेल्यासारखी वाटते. ओळीने सात गाद्या, आठवी दाराशी माझी. प्रत्येकाच्या चादरीवर मी वेगळं चित्र शिवलं आहे, म्हणजे भांडणं नकोत: छत्री, मासा, पतंग, हत्ती. पंखा एका लयीत कुरकुरतो, कुणाचा तरी अंगठा तोंडात जातो, आणि मी गोष्ट सुरू करते. दोन वर्षं एकच गोष्ट चालली आहे, ती संपत नाही. दुपारी आमच्या गल्लीत एक नदी येते. अजिबात आवाज न करता येते, दाराच्या फटीखालून. आधी चपला उचलते, मग गाद्या. मग गाद्या एकामागून एक दारातून बाहेर पडतात, जिना उतरतात, टपालपेटीवरून, वाण्याच्या दुकानावरून वाहत जातात. शिंपी खिडकीतून हात हलवतो आणि त्याच्या गळ्यातली फीत पाण्यावर लांबच लांब तरंगत जाते. पुढे एक वळण येतं. वळणाशी बहुतेक वेळा मलाच झोप लागते, त्यामुळे त्याच्या पलीकडे काय आहे ते मुलांना ठाऊक नाही आणि मलाही नाही.

या सातांत एक मुकादम आहे. नाव वेगळं आहे, पण त्याला सगळे मुकादमच म्हणतात. वय साडेपाच, हत्तीची चादर त्याची, आणि गळ्यात मी दिलेली शिट्टी. झोपेआधी तो शिट्टी वाजवून सगळ्यांना ओळीने मोरीत नेणार, आत कोण गेलं, कोण नुसतंच उभं राहून परत आलं, सगळ्यावर ह्याचं लक्ष. लहानग्यांना हे वळण त्यानेच लावलं, मी नाही. माझ्याकडे दीड वर्ष एकही गादी ओली झालेली नव्हती. (हे मी आयांना जरा जास्तच वेळा सांगितलं होतं. दृष्ट लागते ती अशी.)

आणि मग एका मंगळवारी मासा ओला. बुधवारी छत्री आणि मासा. पुढच्या आठवड्यात पतंगही गेला. शहाणीसवरती, स्वतःची चड्डी स्वतः घालणारी मुलं, आणि तीन वाजता उठून बघावं तर चेहरे असे, की घर विकायला निघालंय. माझी गच्ची गाद्यांनी भरली. समोरची शिवणवाली विचारायला लागली, पाहुणे आलेत का म्हणून.

मी विचार केला, काय बदललं? धबधबा! त्याच सुमाराला मी गोष्टीत धबधबा घातला होता. वळणाच्या अलीकडे, मोठा, पांढरा, आवाजासकट. (आवाज मी छान काढते. तुला आठवत असेल.) म्हणजे दोष माझा. ह्यांचं मत निराळं पडलं. ह्यांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक फोड तोलली, तिला तीनाने गुणलं, मग साताने, आणि माझ्यासमोर कागद धरून म्हणाले की दुपारी बारा पंचेचाळीसला या टाक्यांमध्ये इतकं पाणी सोडलं जातंय, ते पंचेचाळीस मिनिटांत कुठेतरी निघणारच. मी म्हटलं, तुम्ही पोरांना टाक्या म्हणू नका, आणि माझ्या भावाने प्रेमाने पाठवलेल्या फळाला मीटर लावू नका. त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. खात्यात असतानाही त्यांचं कोणी ऐकत नसे.

मग मी गोष्ट आटवायला घेतली. आधी धबधबा काढला, मग पाऊस, मग नदी गुडघ्याएवढी केली, शेवटी आख्खी नदीच काढून वाळवंट आणलं. वाळवंटात उंट. पतंगवालीने विचारलं, उंट काय पितो. मी म्हटलं, काही नाही. मग तो मरेल, ती म्हणाली, आणि रडायला लागली. तेव्हा उंट काढून विटांची गोष्ट सांगितली. एका विटेवर दुसरी वीट, तिच्यावर तिसरी. मुलं छताकडे बघत पडून राहिली. ओलावा तसाच. मी चौथी फोड मात्र सगळ्यांना द्यायला लागले, कारण गोष्ट गेली तर निदान फळ तरी गोड हवं.

या सगळ्यात मुकादम कोरडा होता. दहा दिवस कोरडा. आणि मग गेल्या बुधवारी हत्ती भिजला.

दादा, ते मला बघवलं नाही. तो रडला नाही. उठला, चादरीची घडी घातली (ओल्या चादरीची!), गळ्यातली शिट्टी काढली आणि माझ्या हातात ठेवली. पुढच्या महिन्यात तो मोठ्या शाळेत जायचा आहे. तिथल्या फॉर्मवर एक रकाना आहे, मूल दिवसा कोरडे राहते का म्हणून. त्याच्या आईने तो वाचून दाखवला होता आणि ह्याने ऐटीत सांगितलं होतं की मी तर सहा जणांना कोरडं ठेवतो. आता तो शाळेचं नावच काढेना. गुरुवारी भिंतीला पाठ लावून ताठ बसून राहिला. झोपायचंच नाही, म्हणजे काही व्हायचंच नाही. डोळे मिटायचे, मान पडायची, हा दचकून पुन्हा ताठ. संध्याकाळी जाताना माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "माई, मला उद्यापासून लंगोट बांधशील का? कुणाला सांगू नकोस."

त्या रात्री मला तुझी आठवण आली. आपल्या घरात या विषयातला जाणकार तूच. नऊ वर्षांचा घोडा झाला होतास तरी गादी भिजवायचास, आणि घरभर तुला नळोबा म्हणायचे. पोहण्याच्या शिबिराला तुझी पिशवी भरून झाली होती आणि बाबांनी ती दारातून परत आणून रिकामी केली, लोकांच्या गाद्या आहेत म्हणून. मी सहा वर्षांची. नळोबा नळोबा करत तुझ्याभोवती नाचले होते. तर म्हटलं तुलाच विचारावं की ते नंतर थांबलं ते नेमकं कशाने. पण पत्राला बसायच्या आत शुक्रवार उजाडला.

शुक्रवारी मुलांची तोंडं बघून मी शेवटची दोन कलिंगडं कापली, आणि त्यांना सोबत म्हणून स्वतःही खाल्लं. चांगलं अर्धं खाल्लं. गोष्ट सांगायचा धीर नव्हता, पण मुकादम बसल्या जागी इतका पेंगत होता की माझ्या तोंडून नदी आपोआप सुरू झाली. चपला उचलल्या, गाद्या उचलल्या. तो हळूहळू आडवा झाला. शिंप्याची फीत तरंगत गेली, वळण आलं, आणि माझाही डोळा लागला. हिरवं पाणी, हिरवं ऊन, सगळं गार. किती वेळ गेला कोण जाणे, मला स्वप्नातच वाटायला लागलं की आता उतरायला हवं, ताबडतोब उतरायला हवं, आणि मी जागी झाले. (अर्ध्या कलिंगडाने. ह्यांचा कागद मला तेव्हा पटला. डोक्याने नाही, आतून पटला.)

उठणार, तेवढ्यात माझ्या अंगाखालची चादर हलली.

मी पापण्यांच्या फटीतून पाहिलं. मुकादम. चड्डी बदललेली, श्वास रोखलेला. त्याची ओली चादर त्याने माझ्या गादीच्या कडेला आणून ठेवली होती आणि माझी कोरडी हळूहळू ओढत होता. बहात्तर किलोच्या बाईखालून. दादा, माझी अवस्था काय सांगू! एकीकडे मला धावत मोरी गाठायची होती आणि दुसरीकडे मी हलले असते तर त्या पोराचं सगळंच संपलं असतं. मी डोळे गच्च मिटले. त्याला जमेना तेव्हा झोपेत कुशीवर वळल्यासारखं केलं, तिकडून ओढली, मग या कुशीवर वळले, इकडून सरकवली. गार लागलं. दात-ओठ आवळून पडून राहिले, तो आपल्या जागी जाऊन घोरायचं सोंग करेपर्यंत.

तीन वाजता सगळी उठली आणि माझ्याभोवती जमली. कुणी हसलं नाही. छत्रीवालीने माझ्या पाठीवर हात फिरवला. पतंगवालीने विचारलं, माईखाली हत्ती कसा आला, तर मुकादम म्हणाला, हत्ती चालतो. मग तो माझ्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "होतं असं कधीकधी. मोठ्यांचं पण होतं." मी म्हटलं, हो रे, झालं खरं. त्याने हात पुढे केला. मी शिट्टी दिली. शनिवारी ओळ लावताना त्याने मला सगळ्यांच्या पुढे उभं केलं, आणि मी आत जाऊन येईपर्यंत दाराशी पहारा दिला. शनिवारी पुन्हा बिस्किटं होती. आठही गाद्या कोरड्या. धबधबाही मी परत घातला आहे. पोरांना काही झालं नाही.

तब्येतीला जप. वहिनीला माझी आठवण सांग.

तुझी,
धाकटी

ता. क. मुख्य लिहायचं राहिलं. पुढच्या सोमवारपासून कलिंगडं पाठवू नकोस. राग मानू नकोस. शेतात काही कोरडं पिकतं का? शेंगा वगैरे?

ता. क. दुसरा. हे म्हणतात अगदीच बंद नको, सकाळी दहाला एक फोड दिली तर निचऱ्याला पुरेसा वेळ मिळतो. कागद सोबत जोडला आहे. वाचला नाहीस तरी चालेल, पण वाचला असं त्यांना कळव.

ता. क. तिसरा, आणि हा वहिनीला दाखवू नकोस. तुझ्या चादरीला निळा पट्टा होता, माझ्या चादरीवर फुलं. आठवतं? आई सकाळी ओल्यात कोण झोपलंय तेवढं बघायची, चादर कुणाची ते तिने कधी पाहिलं नाही. त्या उन्हाळ्यात बाबा रोज काय आणायचे आणि आपण दोघं रात्री किती खायचो, तेही कुणी पाहिलं नाही. मी पहाटे माझी ओली फुलं तुझ्याखाली सरकवायचे आणि तुझा पट्टा ओढून घ्यायचे. सहा वर्षांच्या मुलीला ते काय जमणार? पण तू दर वेळी अगदी वेळेवर कुशीवर वळायचास, आधी तिकडे, मग इकडे. पन्नास वर्षं मला वाटत आलं की माझं नशीब चांगलं. शुक्रवारी मी स्वतः वळले तेव्हा हुंदका आला, आणि पोराला ऐकू जाईल म्हणून उशीत दाबला. दादा, मला माफ कर. शिबिरासाठी माफ कर. तू जागा होतास ना रे? पत्र लिहू नकोस, माझ्याने ते वाचवणार नाही. जागा असलास तर सोमवारी एकच कलिंगड पाठव. मी सकाळी खाईन.