खुर्च्या मांडणाऱ्याची निरवानिरव

मी, खाली सही करणार, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पूर्वी बसचा कंडक्टर आणि गेली बावीस वर्षे शहराच्या सिम्फनी ऑर्केस्ट्राचा बिनपगारी हमाल, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे मन शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. स्वभावाविषयी त्यांनी काही लिहिलेले नाही. परवा ते माझे हृदय उघडणार आहेत. आत काय निघेल याचा भरवसा नाही, म्हणून बाहेरची व्यवस्था आजच लावून ठेवतो.

कलम एक. तिसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे स्वकष्टार्जित घर, बँकेतली शिल्लक आणि भांडीकुंडी माझ्या एकुलत्या एक मुलीला. न्हाणीघराचे दार किंचित उचलल्याशिवाय लागत नाही. जावई ते दुरुस्त करायला धावेल. त्याला धावू देऊ नये. मागच्या वेळी त्याने नळ दुरुस्त केला तेव्हा खालच्या मजल्यावरचे आठवडाभर आमच्याशी बोलत नव्हते.

कलम दोन. जुन्या बाबागाडीची चाके लावून मी बनवलेली ढकलगाडी, जिच्यावरून डबल बास नावाची वाद्ये जिना सोडून सगळीकडे नेता येतात, ती आम्हा स्वयंसेवकांच्या मंडळाला. तिच्यावर वादकांनी बसू नये. कोणी ते त्या वादकाला ठाऊक आहे.

कलम तीन. निळ्या पुठ्ठ्याची वहीसुद्धा मंडळालाच. तिच्यात कोणाची खुर्ची कुठे याचे नकाशे आहेत. कोणाचा कोपर किती बाहेर येतो, कोणाला वाऱ्याचा झोत सोसत नाही, सगळे त्यात आहे. दुसऱ्या क्लॅरिनेटवाल्याच्या आणि पहिल्या बासरीवालीच्या मध्ये कायम एक माणूस बसवावा. कारण: घटस्फोट.

या कामाला मी लागलो तो चुकून. एक बाई माझ्या बसमध्ये आपला व्हायोला विसरून उतरल्या. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण, हे मला तेव्हा माहीत नव्हते. पाळी संपल्यावर मी पेटी घेऊन सभागृहात गेलो. तिथल्या सेक्रेटरीबाईंनी पेटी काढून घेतली आणि म्हणाल्या, "किती उशीर! त्या साठ खुर्च्या आधी हलवा."

मी गणवेशात होतो. गणवेशातल्या माणसाला हुकूम ऐकायची सवय असते. हलवल्या. मग कोणीतरी चहा दिला आणि तालीम सुरू झाली. एवढी माणसे एका गाडीत बसून, धक्काबुक्की न करता, एकाच वेळी एकाच थांब्यावर उतरली, हे मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. बायको म्हणाली, "फुकट राबायचं होतं तर घर काय वाईट होतं?"

कलम चार. सेक्रेटरीबाईंना काही नाही. कार्यक्रमपत्रिकेत त्या दरवर्षी स्वयंसेवकांची नावे छापतात. मी बावीस वर्षे 'व इतर' आहे.

कलम पाच. छडीने वादकांना ताल देणाऱ्या संचालकांनाही काही नाही. आम्ही त्यांना पाठीमागे छडीवाले म्हणतो. त्यांनाही लोक कंडक्टरच म्हणतात, पण त्यांनी आजवर एकाही माणसाला जागा करून दिलेली नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांचा एक वादक आजारी पडला, म्हणून त्यांनी ट्रँगल, म्हणजे लोखंडी त्रिकोण, माझ्या हाती दिला. चौसष्ट मोजून एकदाच टिंग करायचे होते. मी एकेचाळीसला केले. सभागृह हसले. छडीवाले तेव्हापासून माझ्याशी खुणांनी बोलतात.

एकेचाळीसलाच का, ते त्यांना सांगितले नव्हते. आता लिहितो.

त्याच्या नऊ वर्षे आधी माझी बायको इस्पितळात होती आणि संध्याकाळी कार्यक्रम होता. मी तिच्या उशाशी बसून होतो. ती म्हणाली, "अहो, जा तुम्ही. तुमचं ते रडकं तोंड बघून मला जास्त ताप येतो." मी गेलो. चौथी रांग मांडत असताना फोन आला.

मुलगी म्हणाली, "आईपाशी कोणी नव्हतं, बाबा. तुम्ही खुर्च्या मांडत होतात."

तिच्या आईचे माझ्याशी शेवटचे बोलणे रडक्या तोंडाविषयी होते, हे सांगायची लाज वाटली. मुलीने येणे सोडले. नऊ वर्षे.

त्रिकोणाच्या त्या दिवशी चाळीस म्हणालो, वर पाहिले, तर प्रेक्षकांच्या तिसऱ्या रांगेत मुलगी. हाताने आपोआप केले.

कार्यक्रमानंतर ती मागच्या खोलीत आली. "बाबा, ते चुकून वाजलं ना?"

"हो."

"मग हसत काय होतात?"

तेव्हा मी तिला तिच्या आईचे वाक्य जसेच्या तसे सांगितले. ती इतकी हसली की भिंतीला टेकून खाली बसली, आणि खाली बसल्यावर रडायला लागली. "हे आईच बोलू शकते," म्हणाली. "नऊ वर्षं मूग गिळून बसलात? एवढंसं सांगता आलं नाही?"

"तू विचारलं नाहीस."

"तुम्हीही ना, बाबा!"

मग आम्ही दोघांनी मिळून साठ खुर्च्या उचलल्या. हल्ली ती दर तालमीला येते आणि मला हुकूम सोडते.

कलम सहा. माझ्या अंत्यविधीला ऑर्केस्ट्राने काहीही संथ वाजवू नये. त्यांचे संथ रेंगाळते.

कायद्याने ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, म्हणून मुलगी बाद. खालील दोघांना काहीही मिळत नाही, याची मी जातीने खात्री केली आहे. दोघांनी वरचे सगळे वाचले. छडीवाले पाचव्या कलमाशी बराच वेळ थांबले, आणि दोन वर्षांनी प्रथमच तोंडाने बोलले: "आधी सांगायचंत हो."

कलम सात. माझे बूट

मध्यंतर संपल्याची घंटा झाली. उरलेले मुलीने अंदाजाने वाटावे. ती दारातून ओरडते आहे, "बाबा, सेलोवाल्यांची एक खुर्ची कमी आहे!"

येतो.

लिहून ठेवणार: (सही)
साक्षीदार: १. संचालक (सही) २. सेक्रेटरीबाई (सही)
ठिकाण: सभागृहामागची खोली, चहाचे टेबल
दिनांक: अकरा मार्च