कार-डि-ओ-मे-ग-ली

डिंडोली, सुरत

आप्पा, तुम्हाला आणि आईला सविनय जयभीम.

वाढलेलं हृदय पुन्हा पहिल्यासारखं होतं का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. बी.एस्सी. झाले तरी याचं उत्तर मला येत नाही.

पण तुमच्या रिपोर्टमधला तो शब्द मला फोडता येतो. कार्डिओ म्हणजे हृदय, मेगली म्हणजे वाढलेलं असणं. कागदावर बोट ठेवून वाचा: कार-डि-ओ-मे-ग-ली. जोर ‘मे’वर द्या. नाव लांब आहे म्हणून आईने घाबरू नये. एक्स-रेत जे दिसलं तेवढंच त्यात आहे. ते कशामुळे झालं, हे त्यात नाही.

आणि तेच तुम्ही विचारलं नाहीत. इथे उधन्याच्या कारखान्यात वीस वर्षं ‘हो शेठ’ म्हणालात, तसंच गावाकडच्या डॉक्टरांना ‘हो साहेब’ म्हणून परत आलात. आता शब्द नीट म्हणा आणि विचारा, “कशामुळे?”

पायांची सूज उतरली का? आई वेळेवर जेवते ना?

मंगळवारी इथे तुमच्या इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, वेळ घेतली आहे. मी रजा टाकली. सोमवारच्या गाडीची तुम्हा दोघांची तिकिटं शेजारच्या धम्मरत्नदादाच्या मोबाइलवर पाठवलीसुद्धा.

तुमची,
राखी