हयात असेपर्यंत

२५ ऑक्टोबर २०२५, शनिवार

आलो एकदाचे! टेम्पोत सामान कमी आणि अम्मीच्या लोणच्याच्या बरण्याच जास्त. भोरहून भाटघर म्हणजे काय लांब, पण ती ड्रायव्हरशेजारी अशी ऐटीत बसली होती की जणू विमानात बसलीय. चाळीस वर्षं भाड्याच्या घरात काढली तिनं. नऊ घरं बदलली, आणि प्रत्येक ठिकाणी खिळा ठोकायचा तर आधी मालकाला विचारायचं. आज तिनं पुढच्या खोलीत स्वतः खिळा ठोकला. वाकडा. त्यावर काही टांगलं नाही, नुसती बघत बसली. मला रडू आलं.

अजहर पुण्यात फ्लॅट बघतोय, म्हणून ठरवलंय की रोज चार ओळी त्याच्यासाठी लिहायच्या. पतसंस्थेत नऊ वर्षं मी लोकांच्या घरांचे कागद तपासतेय. माझा सख्खा भाऊ फसला तर तोंड कुठं लपवू?

तर भाऊ, पहिलं: घर दोनदा बघ. एकदा भर पावसात आणि एकदा भर दुपारी. भिंती पावसात बोलतात, शेजारी दुपारी. विकणाऱ्याचा चहा जरूर घे, शब्द घेऊ नकोस. त्याला कागद माग.

अम्मीला मागची खोली दिली. उबदार आहे, न्हाणीही जवळ. कोपऱ्यात मातीची चूल आहे, ती पुढच्या आठवड्यात काढून टाकू.

२७ ऑक्टोबर, सोमवार

आजूबाजूला भातकापणी चाललीय. शेजारच्या बनाबाई नवे तांदूळ वाटीभर देऊन गेल्या. अम्मी मागच्या खोलीत झोपते म्हटल्यावर मात्र जरा थबकल्या. म्हणाल्या, "तितं नका निजवू म्हातारीला. ती खोली दिल्याली हाय." कुणाला, ते सांगितलं नाही.

मला माहीत आहे कुणाला. अजहर, दुसरं: मालमत्ता पत्रकाचा शेवटचा रकाना वाच. लोक मालकाचं नाव वाचतात आणि पेढे वाटतात. आपल्या घराच्या शेवटच्या रकान्यात लिहिलंय की ठकुबाईंना मागची खोली व चूल वापरण्याचा हक्क, हयात असेपर्यंत. ठकुबाई ही घर विकणाऱ्या कुंडलिकरावांची विधवा चुलती. अकरा वर्षांपूर्वी भरदुपारी सरपणाला म्हणून धरणाच्या कडेनं गेली ती परत आलीच नाही. ना प्रेत मिळालं, ना मृत्यूची नोंद झाली. कुंडलिकराव खरेदीच्या दिवशी म्हणाले होते, "खोली तेवडी ऱ्हाऊ द्या, ताई. आमी रोज एक भाकरी ठिवायचो चुलीपाशी." मी हसून हो म्हटलं.

२९ ऑक्टोबर, बुधवार

आज एक काम उरकलं. पंधरा नोव्हेंबरला अम्मीचा वाढदिवस. तोवर घर तिच्या नावे करायचंय, आणि पत्रक कोरं करकरीत हवं. त्यावर दुसऱ्या म्हातारीचं नाव नको.

बेपत्ता माणूस मेला असं ठरवायला कोर्टात जावं लागतं. हे मीच लोकांना सांगते. पण कोर्ट म्हणजे वर्ष-दोन वर्षं. म्हणून भोरच्या भूमी अभिलेख कचेरीबाहेर झाडाखाली बसणाऱ्या गेनबा अर्जवाल्याकडून प्रतिज्ञापत्र करून घेतलं, की ठकुबाई मयत आहेत, हे मला माहीत आहे. मृत्यूची तारीख काय घालू, असं त्यांनी विचारलं. मला काय ठाऊक? म्हटलं, जागा सोडा, कचेरीत सांगतील ती घालू. खाली सही ठोकली आणि नाव कमी करायच्या अर्जासोबत आत देऊन आले. उद्यापरवा नक्कल मिळेल.

अम्मीचा खोकला वाढलाय. नवी जागा, धुरळा. चूल फोडायला माणूस सांगितलाय.

१ नोव्हेंबर, शनिवार

खोकला गेला! पंधरा वर्षांचा खोकला. डॉक्टर बदलले, काढे झाले, आणि आठ दिवसांत भाटघरच्या हवेनं काम केलं. अजहर, तिसरं: हवा बघ.

चूल मात्र फोडू दिली नाही अम्मीनं. माणसाला परत पाठवलं. आज तिच्यावरच भाकऱ्या केल्या, नाचणीच्या. भोरमध्ये जन्म गेला तिचा, नाचणीला कधी हात लावला नव्हता. मला म्हणते, "लई दिसांनी चूल पेटली." मी चिडवलं, की दोन दिवसांत गावची बोली शिकलीस की! ती हसली नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार

कचेरीतून प्रतिज्ञापत्राची नक्कल मिळाली. तारखेची जागा भरलेली आहे. मृत्यू दिनांक १४ नोव्हेंबर २०२५.

म्हणजे अजून अकरा दिवसांनी.

गेनबांना गाठून झापलं. ते शपथेवर सांगतात, "म्या जागा कोरीच सोडली व्हती, ताई. आन् हे अक्षार माजं न्हाई." कचेरीतले म्हणाले, आला तसा कागद फायलीला लावला. अक्षर वेडंवाकडं आहे. उभ्या आयुष्यात पाटी न धरलेल्या माणसानं काडीनं काढावं तसं.

नऊ वर्षं मी लोकांना एकच सांगत आले, की कोऱ्या जागेवर सही करू नका. आणि मीच केली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पार्सलवाला आला होता. अम्मी सही फार सुरेख करते, सातवीपर्यंत शिकलीय, त्याचा तिला केवढा तोरा. आज तिनं पेन परत केलं. शाई मागितली आणि अंगठा उठवला.

दुपारी मला सूनबाई म्हणाली.

बनाबाई कुंपणापाशी उभ्या होत्या. अम्मीनं त्यांना बघून विचारलं, की तुझी म्हातारी सासू कशी आहे, पाय बरा का. बनाबाईंच्या हातातली वाटी पडली. सासू दहा वर्षांपूर्वी वारली. पायाचं दुखणं घरच्यांखेरीज फक्त ठकुबाईला माहीत होतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

अम्मीला घेऊन पुण्याला निघाले. अजहरकडे ठेवते. घर गेलं खड्ड्यात.

कापूरहोळपर्यंत नीट होती. तिथं एसटी बदलायला उतरलो आणि तिला श्वास घेता येईना. ओठ निळे पडले. धाब्याच्या बाकावर आडवी केली तर एकच घोकणं, "घरी न्हे. माज्या खोलीत न्हे." रिक्षा करून परत आले. उंबरा ओलांडला आणि श्वास सुरळीत. लगेच चुलीपाशी जाऊन बसली.

हक्क फक्त इथला आहे. मागची खोली व चूल. बाहेरचा नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

प्रतिज्ञापत्र मागे घ्यायला गेले. साहेब चांगले आहेत. म्हणाले, बाई जिवंत असेल तर प्रश्नच नाही, तिला समोर आणा, नाव सांगू दे, अंगठा घेतो, तुमचा कागद रद्द. शुक्रवारी सकाळी या.

शुक्रवार म्हणजे चौदा.

बसमध्ये डोकं धरून बसले. कागदावरची तारीख खरी झाली, तर ठकुबाईबरोबर अम्मीही जाईल. अम्मीनं तिथं आपण ठकुबाई म्हणून सांगितलं तर म्हातारी कागदावर जिवंत. अम्मी जगेल. पण मग ती कायमची ठकुबाई. आणि नाही सांगितलं तर—

१२ नोव्हेंबर

ठरलं. जगू दे. मला सूनबाई म्हणाली तरी चालेल. भाकरी हातावर ठेवेन. रोज.

तिला पढवतेय. नाव काय? ठकुबाई. जिवंत आहेस? व्हय. पुन्हा. नाव काय?

मीच शिकवतेय तिला. माझ्या आईला तिचं नाव विसरायला मी—

१३ नोव्हेंबर

अजहरला फोन केला. ये म्हटलं. कारण सांगता येईना.

कचेरी बनाबाईंच्या दिराच्या जीपनं. जवळच आहे. श्वास टिकेल तेवढं. टिकायला हवा.

आज अम्मी वाकड्या खिळ्याकडे बघत होती. खूप वेळ. विचारलं काय बघतेस. खिळ्याला हात लावला फक्त.

१४ नोव्हेंबर, दुपार

कचेरीत श्वास लागला होता. तरी उभी राहिली. साहेबांनी नाव विचारलं.

माझ्याकडे बघितलं तिनं. मी मान हलवली. सांग म्हणून.

पेन मागितलं. स्वच्छ आवाजात म्हणाली, "मी गुलजारबी दिलावर मुजावर. ठकुबाईंना मी ओळखत नाही. माझ्या मुलीच्या घराच्या कागदावर मी खोटं लिहिणार नाही." आणि सही केली. तीच, सुरेख.

माझी अम्मी. परत आली. मी तिथंच तिला मिठी मारली. वेड्यासारखी रडले. साहेबांनी फाईल मिटली, म्हणाले मग तुमचं प्रतिज्ञापत्र कायम.

तेव्हा कुठं डोक्यात शिरलं.

जीपमध्ये मला अम्रीन म्हणाली. दोनदा. म्हणाली, खिळ्यावर तुझ्या अब्बांचा फोटो लाव, मीच ठोकलाय तो, मला आठवतंय. तिला सगळं माहीत होतं. तारीखसुद्धा. पढवताना मीच बोलून गेले होते.

पुढच्या खोलीत निजवायला गेले तर आज तिथंही, उंबऱ्यातच श्वास गेला तिचा. मागे नेलं तेव्हा आला. चुलीशेजारी अंथरूण घातलंय. चूल विझलीय. पेटत नाही.

खोकला परत आलाय. पंधरा वर्षांचा तोच. इतका गोड कधी वाटला नव्हता. फोटो शोधतेय, तिथूनही ऐकू येतो. तो येतोय तोवर ती माझी आहे. अजहर कापूरहोळला पोचला. अर्धा तास.

फोटो लावला. वाकडा बसलाय. तिला दाखवायला—

खोकला थांबला. पाणी पीत असेल.

अजहर, ऐक. घर घे, न घे. पण सही करायच्या आधी कोरी जागा दिसली तर तिथं स्वतःच्या हातानं रेघ मार. एकही सोडू नकोस. तिथं कोणीतरी—

हाक आली आतून. सूनबाई म्हणून नाही. अम्रीन म्हणूनही नाही. दोन म्हाताऱ्या एकदम बोलल्यासारखं, आणि त्यातला एक आवाज अम्मीचा